चिमीच्या कानामागची जागा

१२ फेब्रु.
धाकल्या नातीची, चिमीची खपली सुटायलीय. चहाचं आधण सांडलं तवापासून कानामागं रुपयायवढी जागा टकली. आज वन्सं आल्या सोनपेठहून. पिशवी ठेवायच्या आधीच, "वैनी, इथं काई केस येत न्हाईत. पोरीची जात, कोन पत्करंल?" दोन वर्साचं लेकरू, अन् हिला सोयरीक दिसायली! सोताचा भांग बघा म्हणावं, बैलगाडी जाईल त्यातून. चहा दिला. साखर कमी टाकली.

१४ फेब्रु.
मोठ्या नातीला, रूपीला फोन. परभणीला कॉलेजात हाय. म्हणली, "आज्जे, जखमेत अंगातले शिपाई येतेत. घाण काढतेत, अन् त्यातलेच काही केसाच्या मुळाला जागं करतेत. लय दिवस लढत बसले तर नुसता वण." मोठ्या जखमेत उंदराला नवे केस आले म्हणं. उंदराला! त्याला कोन बघायला येनाराय? आन् मानसाचं? "मूळ जितं असंल तर येतेत. न्हाईतर नक्की न्हाई." घ्या. एवढी पुस्तकं वाचून.

१५ फेब्रु.
शेरडं चारून आले तर लेकरू किंचाळायलंय. वन्संनी खपली खरडून कांदा चोळला! "चाई पडून केस गेले की आमी हेच करतोत, हमखास येतेत." चाई कोन्ती अन् भाजलेलं कोन्तं, कळंना! मी काई बोलले न्हाई. बोलले. लय बोलले. वन्संनी पिशवी उचलली. कोनी अडवलं न्हाई.

१६ फेब्रु.
लाल, सुजलेलं. दवाखान्यात मलम दिलं. रूपी चिडली, "शिपाई पुन्हा लढाईवर गेले. आता हात लावू नका." शिपायांनो, काम करा अन् निघा. वन्संसारखा मुक्काम ठोकू नका.

९ मार्च
उनात मांडीवर घेतलं तर कडंला लव! बारीक, पर हाय! चिमीला घेऊन आळीभर फिरले, सगळ्यायला बोट लावून दाखवलं. सून म्हणती, "आत्याबाई, लोक हसायलेत." हसू दे. वन्संला फोन लावायला लावला. तिकडून, "बघा, माज्या कांद्यानं आले." ठेवलाच फोन.

२१ मार्च
केस वाढायलेत, पर पांढरे! अगदी माज्यासारखे. काळ्या मेंढीला लांडग्यानं धरलं हुतं तिथं बी लोकर पांढरीच आली हुती. रूपी म्हणती, "काळा रंग मागून येतो कधी. कधी येतच न्हाई." मधी अजून गुळगुळीतच. अन् उंद्या वन्सं बघायला येनार. सून टोपडं शोधायलीय. मी म्हणलं, ऱ्हाऊ दे, उघडंच बसू दे तिला. आजीवर गेलीय, म्हणून सांगनार हाय.