ग्रुपवर सगळे मजेत

३ मार्च

सूनबाई आज बोललीच. "बाबा, तुम्ही सकाळी उठून घरच्या ग्रुपवर लिहिता – धडधडतंय, झोप नाही, आता माझं काही खरं नाही. की झालं! धाकटे भावजी कामावरून विचारतात, निघून येऊ का? आणि दिवसभर सगळ्यांची तोंडं उतरलेली!"

खोटं नाही. पण धडधडतं त्याला मी काय करू?

आक्का तेवढी लिहिते, "मलाही होतं रे, बाळ्या. काल जिन्यातच बसले." सत्तरी उलटली तरी मी बाळ्याच! थोरली बहीण ती. दोघांची दुखणी शेजारी शेजारी दिसली की बरं वाटतं मला. हे कुणाला सांगणार?

४ मार्च

ठरवलं. उद्यापासून चांगलंच लिहायचं.

५ मार्च

लिहिलं – "आज ठणठणीत. दोन चकरा मारून आलो." कसल्या चकरा! गॅलरीपर्यंत गेलो. पण अंगठ्यांवर अंगठे आले. धाकट्याने बाळाचा पहिला दात दाखवला. सूनबाई चहा घेऊन आली ती गुणगुणत.

९ मार्च

बाइंडिंगच्या दुकानात चाळीस वर्षं हेच केलं. आत वाळवीने खाल्लेली पानं, वर नवं कापड. गिऱ्हाईक खूश.

आक्काने लिहिलं, "मीही छान."

१४ मार्च

आक्काचं आज नुसतं फूल. जिन्याचं विचारायचं होतं. पण ग्रुपवर कसं विचारू? सगळ्यांचा विरस होईल. फोन केला तर माझंच रडगाणं सुरू होईल. नको.

१७ मार्च

आक्का दवाखान्यात! शेजारणीने नेलं. डॉक्टर म्हणे, गेले आठ-दहा दिवस तरी छातीत दुखत असणार. भाचा फोनवर ओरडला, "आई एका शब्दाने बोलली नाही, मामा!"

१८ मार्च

दोन मिनिटं आत सोडलं. तिचा हात गार. "आक्का, लिहायचं नाहीस का गं?"

म्हणाली, "तू इतक्या दिवसांनी बरा झाला होतास रे बाळ्या. परत कशाला तुला घाबरवू?"

मी बरा नव्हतो – हे तोंडातून फुटलंच नाही.

१९ मार्च

आक्का गेली. पहाटे.

ग्रुपवर लिहिलं नाही. एकेकाला फोन लावला. धाकटा खूप रडला. मग म्हणाला, "बाबा, माझी नोकरी गेली. दोन आठवडे झाले. तुम्ही सगळे इतके खुशीत होतात…"