शनिवारच्या एकतीस वह्या

प्रिय भिंगरी,

तुझं पत्र येऊन आज सोळा दिवस झाले. एवढ्या दिवसांत मी एके काळी दोन तुकड्यांच्या उत्तरपत्रिका तपासून हातावेगळ्या केल्या असत्या. पण तुझ्या साडेतीन पानांना उत्तर लिहायला बसलं की पेनाचं टोपण काढायचं आणि परत लावायचं, एवढंच चाललंय. धाकटी म्हणते, ताई, टोपण झिजेल. बहीण असली तरी तिला काय जातंय बोलायला! तिला वाटतं म्हातारपणी मला शब्द सुचेनासे झालेत. शब्द आहेत ग, भरपूर आहेत.

आधी तुझं कौतुक करू दे, नाहीतर राहून जाईल. कॉरिडॉरमध्ये एका पायावर गरगर फिरत बाबांची वाट बघणारी पोर आता त्याच शाळेत मुख्याध्यापिका होणार, माझ्याच खोलीत, माझ्याच त्या एका बाजूला कलणाऱ्या खुर्चीत बसणार. खुर्ची बदलून घे बाई, पाठ कामातून जाते. शालेय व्यवस्थापनाच्या कोर्सला ‘अभ्यासक्रमाचं नियोजन आणि नेतृत्व’ या पेपरात तू पहिली आलीस, आणि त्यातला तुझा प्रकल्प माझ्यावर लिहिलेला होता, हे वाचून मी ते पान धाकटीला दाखवलं. मग तिच्या हातातून काढून घेतलं. शाळा उघडायला नऊ दिवस आहेत. तुला माझ्याकडून दोन गोष्टी हव्यात. दर शनिवारी शिक्षकांच्या पाठांच्या टाचणवह्या तपासण्याची ‘मोठ्या बाईंची पद्धत’ तुझ्या वर्षभराच्या नियोजनात माझ्या नावानिशी घालायला परवानगी, आणि पहिल्या दिवशी मी येऊन शिक्षकांशी दोन शब्द बोलणं. होय की नाही, एवढंच कळवा, असं तू लिहिलंयस.

एवढंच कळवायला पोस्टकार्डसुद्धा जास्त झालं असतं. पण माझ्यासमोर टेबलावर एक वही आहे. तपकिरी पुठ्ठ्याची, कोपरे दुमडलेली. तुझ्या बाबांची. ती या पत्राबरोबर तुला पाठवायची की पुन्हा कपाटात साड्यांखाली सरकवायची, याचा निकाल हे पत्र संपेपर्यंत मला लावायचाय. म्हणून लांबण लावतेय. सांभाळून घे.

तुझे बाबा. आख्खी शाळा त्यांना नकाशेसर म्हणायची, मीही पाठीमागे तेच म्हणायचे. फळ्याकडे तोंड करायचं, खडू टेकवायचा आणि हात न उचलता एका दमात खंडाचा किनारा काढून मोकळं व्हायचं. मुलं नकाशाचं पुस्तक उघडून चूक शोधायची आणि हिरमुसून बसायची. त्यांची ती खडूंची पत्र्याची पेटी आठवते? चालताना खुळखुळ वाजायची. सर येतायत हे वर्गाला आधीच कळायचं, म्हणून त्यांना कधी गोंधळ दिसला नाही आणि त्यांचा मुलांच्या चांगुलपणावर फार विश्वास होता. मी त्यांना म्हटलंही होतं, सर, पेटी बदला, जग कसं आहे ते कळेल. ते हसले आणि पेटी तीच ठेवली.

आणि मी. मला मुलं काय म्हणायची ते तुला माहीत आहे, मलाही माहीत होतं. फूटपट्टी. त्याचा मला रागबिग काही यायचा नाही, उलट बरं वाटायचं. माझ्या खोलीतली ती भिंत तुझ्या प्रकल्पात आहे, वर्षाचे सगळे आठवडे आडवे, सगळ्या शिक्षकांची नावं उभी, आणि धडा वेळेवर संपला की हिरवा चौकोन. तू लिहिलंयस की त्या भिंतीकडे बघून तुला लहानपणी सुरक्षित वाटायचं. मलाही वाटायचं ग. हिरवं हिरवं दिसलं की घरी जाऊन मी गाढ झोपायचे. नकाशेसरांची ओळ त्या शेवटच्या वर्षी सगळ्यात हिरवी होती. ती हिरवी कशी, हे मी विचारलं नाही. नंतर मुलांकडून कळलं. सर एकच धडा तीन-तीन वेळा शिकवत होते, आणि पोरं त्यांना आठवण करून देण्याऐवजी गुपचूप पुढचे धडे आपापसात वाचून संपवत होती. सरांना ओरडा बसू नये म्हणून. कधी नव्हे तो त्यांचा विश्वास खरा ठरला, आणि नेमका तोच आडवा आला.

आता त्या शनिवारांबद्दल. तू लिहिलंयस की मोठ्या बाई एकतीस वह्यांमधली ओळ न् ओळ वाचायच्या, संध्याकाळ झाली तरी उठायच्या नाहीत. ते खरं आहे. पण ते माझ्या नोकरीच्या शेवटच्या आठ वर्षांपुरतं खरं आहे. त्याआधी काय होतं ते कुणी लिहिलेलं नाही, कारण ते शाळेत फक्त मला आणि आमच्या शिपाईकाकांना माहीत होतं, आणि काका आता नाहीत.

त्याआधी असं होतं. दोन तासांच्या मध्ये शिक्षक माझ्या दारात रांग लावायचे. कुणाला वर्ग बदलून हवा, कुणाचं पर्यवेक्षकांशी वाजलंय, कुणाची कंबर धरलीय. माझं डोकं उठायचं. एका सभेत मी ठणकावून सांगितलं की यापुढे तोंडी काही नको. टाचणवहीत डाव्या हाताला एक रकाना आखा, मुख्याध्यापकांसाठी. जे सांगायचं ते तिथे लिहा, दर शनिवारी मी वाचीन. रांग बंद झाली. शाळा इतकी शांत झाली की मी स्वतःचीच पाठ थोपटून घेतली. पहिले काही महिने वाचलंही. मग रकान्यात तेच तेच यायला लागलं, खडू संपले, पंखा फिरत नाही. काकांनी माझा वेळ वाचवायला एक युक्ती काढली. प्रत्येक वही त्या आठवड्याच्या पानावर उघडायची आणि एकावर एक अशी पायऱ्यांसारखी रचायची की फक्त खालची पट्टी दिसेल, सहीपुरती. मी वही उचलायचेसुद्धा नाही. लाल पेन, ‘पाहिले’, सही, तारीख. एकतीस वह्या अकरा मिनिटांत. चहा गरम असायचा. ही युक्ती मी मुख्याध्यापकांच्या एका शिबिरात सांगितली आणि टाळ्या घेतल्या.

ज्या दिवशी तुझे बाबा गेले तो गुरुवार होता. परीक्षा विभागात उत्तरपत्रिकांचा गठ्ठा पोचवायचा होता. पंधरा वर्षं तुझे बाबाच तो न्यायचे, चालत, वीस मिनिटांचा रस्ता. मी म्हटलं, सर, नेहमीसारखं. त्यांनी गठ्ठ्याची गाठ दोनदा तपासली. दारात थांबले, उजवीकडे पाहिलं, डावीकडे पाहिलं. मला वाटलं वाहनं बघतायत. फाटकाच्या आत कुठली आलीयत वाहनं? मी खिडकीतून हे पाहिलं आणि पुन्हा खाली मान घातली. पुढचं तुला माहीत आहे, तुझ्या घरात ते तीन दिवस कसे गेले ते मी तुला काय सांगणार. ते शहराच्या पार दुसऱ्या टोकाला सापडले, दगडाच्या बंद खाणीत साचलेल्या पाण्यात. गठ्ठा वर दगडावर ठेवलेला होता. कोरडा, गाठ न सुटलेला.

दहा-बारा दिवसांनी तू माझ्या खोलीत आलीस. दहावीतली पोर, वेणी अर्धी सुटलेली. तू उभीच राहिलीस आणि विचारलंस, “बाई, बाबांनी तुम्हाला काही सांगितलं होतं का?” मी म्हटलं, “नाही ग बाळा. तोंडातून एक शब्द नाही.” तू मान हलवलीस आणि गेलीस. त्या उत्तरातला ‘तोंडातून’ हा शब्द मी मुद्दाम घातला होता, भिंगरे. एकोणीस वर्षं मी स्वतःला सांगतेय की मी खोटं बोलले नाही.

कारण तुझ्या येण्याच्या आदल्याच दिवशी मी वही उघडली होती. नव्या शिक्षकांना कुठपर्यंत शिकवून झालंय ते कळावं म्हणून मागवली आणि बऱ्याच वर्षांनी पहिल्यांदा एक टाचणवही हातात घेऊन उचलली. डाव्या रकान्यात त्यांचं ते सुबक अक्षर. पहिल्या शनिवारी लिहिलंय, “बाई, हल्ली नावं आठवत नाहीत. रजा मिळेल का, तपासून घेतो.” पुढे एकदा, “फळ्यावर किनारा अर्धवट राहिला. मुलं हसली नाहीत, त्याचीच भीती वाटली.” असे सात शनिवार. सातव्या पानावर, “मला कृपया बाहेरची कामं देऊ नका. रस्ता चुकतो. घरी सांगायचा धीर होत नाही, तुम्ही घरी सांगाल का?” आणि त्या प्रत्येकाखाली लाल शाईत मी. पाहिले. पाहिले. पाहिले.

मी वही पिशवीत घालून घरी आणली. नव्या शिक्षकांना कोरी दिली. संस्थेने चौकशी केली तेव्हा सरांनी प्रकृतीची कल्पना शाळेला दिली नव्हती असा अहवाल गेला, आणि त्याखालीही माझीच सही आहे. त्यानंतर मी काकांना वह्या रचू दिल्या नाहीत. एकेक वाचत बसायचे, अंधार पडेपर्यंत. लोक म्हणाले, बाई आणखी कडक झाल्या. मी घाबरले होते ग, बाकी काही नाही. अजूनही औषधाच्या खोक्यातला तो बारीक अक्षरांचा कागद मी दोनदा वाचते, दुधाच्या पिशवीवरचं सगळं वाचते, धाकटी वैतागते. आणि रोज दुपारी, मधली सुट्टी संपून पाचवा तास सुरू व्हायच्या सुमाराला, या घराच्या जिन्यात पत्र्याची पेटी खुळखुळते. धाकटीला ऐकू येत नाही. ती म्हणते वरच्यांच्या किल्ल्या असतील. मी रोज उठते आणि दार उघडते. जिना रिकामा असतो. तरी थोडा वेळ दार उघडं ठेवून उभी राहते, कारण शाळेत एकदा मी दार लावून घेतलं होतं.

तेही सांगते, हे वहीतसुद्धा नाही. त्या गुरुवारच्या आधीच्या मंगळवारी तुझे बाबा माझ्या दारात आले होते, पेटी हातात. म्हणाले, “बाई, दोन मिनिटं.” मी भिंतीवर हिरवे चौकोन चिकटवत होते. मान न वळवता म्हटलं, “सर, टाचणात लिहा.” ते म्हणाले, “लिहिलंय.” मी म्हटलं, “मग झालं तर.” आणि हात लांब करून दार लोटलं. ते बराच वेळ तिथेच उभे असावेत, कारण पेटीचा आवाज खूप उशिरा लांब गेला.

परवानगीचं आणि भाषणाचं उत्तर मी पहिल्याच दिवशी देऊन टाकलं असतं, काहीतरी गोड कारण काढून नाही म्हटलं असतं आणि वही साड्यांखालीच राहिली असती. हे सगळं लिहायला बसले ते तुझ्या सहीखालच्या बारीक अक्षरातल्या ओळींमुळे. तू लिहिलंयस की त्या वर्षी बाबांनी तुला दोनदा आत्याच्या नावाने हाक मारली, एकदा घराच्या फाटकाशी उभे राहून घर कुठलं असं विचारलं, आणि तू चिडलीस, आणि आईला सांगितलं नाहीस. “मला एकटीलाच माहीत होतं आणि मी गप्प बसले, म्हणून माझ्या शाळेत आता सगळं लिहून घेतलं जाईल,” असं तू लिहिलंयस. भिंगरे, तू एकटी नव्हतीस. तुझ्या बाबांनी काही लपवलं नाही. त्यांनी सांगितलं होतं, सात वेळा लिहून आणि एकदा दारात येऊन, ज्या माणसाला सांगायला हवं होतं त्यालाच. तू सोळा वर्षांची होतीस. मी मुख्याध्यापिका होते. एकोणीस वर्षं जे तू उराशी धरून बसलीयस ते माझं आहे, ते मला परत दे. वही पाठवतेय. आई असेल तेव्हा उघड, एकटीने नको. पद्धतीला माझं नाव देऊ नकोस. पहिल्या दिवशी मी यावं की नाही, ते तू वाचून झाल्यावर ठरव. तू बोलावलं नाहीस तर मला कळेल. बोलावलंस तर येईन, पण भाषण करणार नाही. तुझ्या सगळ्या शिक्षकांसमोर उभी राहून ही सात पानं मोठ्याने वाचीन, खालच्या सहीसकट.

तुझीच म्हणवून घेऊ का, हे न ठरलेली,
मोठ्या बाई