चौथी उदबत्ती

साहेब, तुम्हाला जाऊन नऊ वर्षे झाली, आणि आज मी तुम्हाला न येणाऱ्या भाषेत लिहावयास बसलो आहे. तशी आपल्या दोघांत भाषा कधीच नव्हती. मध्ये दुभाषी मुलगी बसायची आणि तुमचे चिनी बोलणे माझ्या मराठीत आणून ठेवायची.

ग्रंथांच्या शोधात भारतात आलेल्या एका भिक्षूची कथा चित्रित करायला तुमचे पथक मुळशीच्या जलाशयाकाठी उतरले होते. नटाला संस्कृत पाठ शिकवण्यासाठी पौडहून मला, निवृत्त शिक्षकाला, बोलावले होते. एका दृश्यात तो इतका दूर उभा होता की ओठही दिसत नव्हते. काहीही पुटपुटला तरी चालेल, असे दिग्दर्शक म्हणाला. तुम्ही चित्रीकरण थांबवलेत. "गुरुजींचे समाधान झाले की सुरू करा." अक्षराचा इतका मान माझ्या शाळेनेही कधी राखला नव्हता.

दुपारी जेवणाच्या तंबूत तुम्ही आपली हकीकत सांगता. प्रारंभ सिनेमाच्या जाहिरातींचे फलक रंगवण्यापासून. मग नेपथ्य, मग निर्मिती. आधी संगीत नाटकांवरचे कृष्णधवल चित्रपट, मग तलवारबाजीचे, मग विनोदी. स्टुडिओच्या ज्या आवारात तुम्ही कागदी डोंगर उभे केलेत, तिथे आता राहण्याच्या उंच इमारती आहेत. मी विचारतो, "निर्माता नेमके करतो काय?" भाताची वाटी खाली ठेवून तुम्ही म्हणता, "पाऊस पडला तर ज्याची चूक असते, तो निर्माता." तेवढ्यात एक धनगर बाई शेळ्या घेऊन थेट कॅमेऱ्यासमोर येते. "सायबाला सांग, तुमचा पिच्चर उद्या बी हुईल. माजी शेरडं आज तान्हेली हायेत!" दुभाषी मुलगी अदबीने सांगते, त्यांना थोडी घाई आहे. तुम्ही हसता. "एवढे मोठे बोलली आणि अर्थ एवढाच? खरे सांग." खरे ऐकून तुम्ही कॅमेराच हलवायला लावता.

पण मला लिहायचे आहे ते मुहूर्ताच्या सकाळविषयी. कॅमेऱ्यावर लाल वस्त्र होते. तुमच्या रिवाजातले भाजलेले डुक्कर माझ्याखातर वगळून तुम्ही मी सुचवलेला कोहळा ठेवला होतात. तुम्ही तीन उदबत्त्या पेटवल्यात. शुभकार्यात तीन? मला राहवले नाही. पुड्यातली चौथी काढून, पेटवून मी तुमच्या हाती दिली. सारे पथक स्तब्ध झाले. एक जण पुढे सरसावला. तुम्ही त्याला नजरेनेच थांबवलेत आणि चार उदबत्त्या कपाळाशी नेऊन चारही दिशांना वाकलात. ती शांतता मी भक्तीची समजलो, आणि पुढे अनेक प्रवचनांत तिचे वर्णन केले.

गेल्या महिन्यात ती मुलगी पिरंगुटच्या बाजारात भेटली. आता हिंजवडीच्या एका कंपनीत असते. तिलाही मी त्या सकाळचे कौतुक सांगू लागलो.

"गुरुजी, रागावू नका," ती म्हणाली. "त्यांच्याकडे चार हा आकडा टाळतात. त्याचा उच्चार मरण या शब्दासारखा होतो."

"मग तेव्हाच का नाही बोललीस?"

"साहेबांनी बजावलं होतं. म्हणाले, म्हाताऱ्याने प्रेमाने दिली आहे, त्याला कधी कळता कामा नये."

त्या मुहूर्तानंतर दीड वर्षातच तुम्ही गेलात. तो चित्रपट तुमचा शेवटचा ठरला. आयुष्य उदबत्त्यांवर ठरत नाही, हे मी जाणतो; गीतेचा दुसरा अध्याय मी असंख्य वेळा सांगितला आहे. त्रिगुण, त्रिकाळ, त्रिसंध्या शिकवण्यात ज्याची हयात गेली, त्याला तीन अशुभ वाटावे, हे शास्त्र नव्हे. ते आईच्या स्वयंपाकघरातले होते. ताटात तीन पोळ्या ती कधी वाढत नसे. तरीही बाजारातल्या त्या भेटीपासून संध्येला बसलो की मन मंत्रावर ठरत नाही. तुम्ही वाकलेले दिसता. तुम्हाला भय वाटले होते का, एवढेच विचारायचे आहे.

निघताना दुभाषी मुलगी म्हणाली होती, "त्यांच्या लेकीला लिहा ना. मी भाषांतर करून पाठवते." लेक सुशील असणार. काही मनावर घेऊ नका, असे उलट टपाली कळवील. मला ते तिच्याकडून ऐकायचे नाही. आत्ताच त्या मुलीचा फोन आला, "लिहिलंत का, गुरुजी?" पत्र समोरच होते, या शेवटच्या ओळी तेवढ्या उरल्या होत्या. सवड झाली नाही, असे मी तिला सांगितले.