पूर्ण वाचलं का?

नागपूर
रविवार, १९ एप्रिल २०२६

सकाळी सातला उठलो. सरिता पोरीला घेऊन उमरेडला माहेरी गेली आहे, मंगळवारी येईल. चहा केला, कालची पोळी खाल्ली. आईच्या खोलीतलं कपाट रिकामं केलं. लुगडी अकरा, स्वेटर दोन, डायलिसिसच्या फायली तीन. अकरानंतर ऊन सहन होईना म्हणून तिच्या खोलीतला कूलर लावला. वरणभात खाल्ला. आता तीन वाजले आहेत. तिच्याच खाटेवर बसून हे लिहितो आहे.

प्रिय पियुष,

प्रिय लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिलं. शाळेत तसंच शिकवलं होतं. मोबाईलवर न लिहिता हातानं लिहितो आहे, कारण मोबाईलवर लिहिलं तर तू दोन मिनिटांत ते जोडलेल्या हातांचं पिवळं चित्र पाठवशील आणि तुझ्याकडून विषय संपेल. कंबोडियाला पोस्टानं पत्र पोचायला तीन-चार आठवडे लागतात म्हणे. लागू दे. मध्ये तुला काही बोलता येणार नाही, तेवढं बरं.

तुझं ईस्टरचं पत्र ईमेलवर मिळालं. मला वेगळं असं तू सहसा पाठवत नाहीस, तुझ्या यादीतल्या चारशे दहा लोकांना जे जातं तेच मलाही येतं. कंपनीच्या बसमध्ये होतो. हिंगण्याला पोचायला दहा मिनिटं असतील. वर नदीचा फोटो, मग तुझी नवीन मोटरबोट, मग पाण्यात बुडालेल्या शाळेच्या पायऱ्या, आणि खाली आईचा फोटो. सरितानं जयंतीच्या दिवशी काढलेला, पांढऱ्या लुगड्यातला. त्या फोटोत तिच्या मागे भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेब आहेत. तू ते कापलेस. आईचं डोकं आणि खांदे तेवढे ठेवलेस. आणि त्याखाली लिहिलंस की माझी आई कौसल्या, जिनं आयुष्यभर नकार दिला, तिनं शेवटच्या क्षणी हात जोडून प्रभूचा स्वीकार केला, आणि माझा थोरला भाऊ या गोष्टीला साक्षी आहे. मी ते तीन वेळा वाचलं. बस गेटमध्ये शिरली, सगळे उतरले, ड्रायव्हर म्हणाला, "साहेब, उतरून नाही राहिले का?" त्या दिवशी मी दोन मशीनची तपासणी चुकीची लिहिली. अठरा वर्षांत पहिल्यांदा.

मला साक्षीदार करायच्या आधी विचारायचं होतंस. मी साक्षी आहे हे खरं. तर मग साक्ष ऐक.

पण आधी थोडं मागचं. तू मला नेहमी शांत म्हणायचास. दादा काही बोलत नाही, दादाचं काही नाही. दसऱ्याच्या त्या दिवशीही मी फार काही बोललो नव्हतो. घरात गावाकडचे बावीस पाहुणे होते, सगळे दीक्षाभूमीवर जायला निघालेले. बायका चपला शोधत होत्या. तू पुण्याहून आदल्या रात्री आला होतास. आई म्हणाली, चाल गा, पांढरा शर्ट घाल. आणि तू पाहुण्यांसमोर उभा राहून सांगितलंस की मी येणार नाही, माझा बाप्तिस्मा झाला आहे, होऊन वर्ष झालं आहे. वर्षभर तू घरी येत होतास, वंदनेला बसत होतास, आणि सांगायला तुला तोच दिवस सापडला. मी तुला बाहेर अंगणात नेलं आणि फक्त एवढंच म्हणालो की आजोबा छप्पन साली दीक्षेसाठी भिवापूरहून पायी आले होते, पायाला फडकी बांधून. तू म्हणालास, आजोबांच्या आईनंही तेव्हा चार दिवस अन्न सोडलं होतं, तिला कोणी विचारलं होतं का? याचं उत्तर माझ्याजवळ नव्हतं. अजून नाही. पण उत्तर नसलं म्हणजे समोरचा बरोबर असतो असं नाही.

मग तू बायबलचं शिक्षण घ्यायला देहरादूनला गेलास आणि तिथून त्या लोकांनी तुला कंबोडियाला पाठवलं. जायच्या आधी बॅग घेऊन दारात उभा होतास, तेव्हा आई म्हणाली, "जा. पण मी बोलावल्याशिवाय ह्या दारात येऊ नको." बस, एवढंच. रडली नाही. तू गेल्यावर तिनं चार जणांचा स्वयंपाक केला आणि आम्ही तिघं जेवलो.

पुढे पाच वर्षं दर रविवारी तुझा फोन. जेवला का, काय जेवला, मासे किती खाशील, ताप उतरला का. येण्याचं तूही काढलं नाहीस, तिनंही नाही. आणि फोन ठेवताना ती न चुकता हात जोडून जयभीम म्हणायची. तुला आठवत असेल. आपल्या घरात फोन असाच संपतो. ती थांबायची, आणि तू म्हणायचास, गॉड ब्लेस यू आई. तुझ्या जिभेला काय झालं होतं मला माहीत नाही. ऑटोवाला ख्वाजा तिला रोज जयभीम म्हणायचा, त्याच्या धर्माला काही झालं नाही.

तुझी पत्रं तिला मीच वाचून दाखवायचो. धंतोलीला डायलिसिस आठवड्यातून दोनदा, एका वेळी चार तास. सुई लावलेला हात हलवायचा नसतो, मग माणूस काय करणार. पेपर ती स्वतः वाचायची, चौथी पास पण जाहिरातींसकट. तुझं पत्र मात्र इंग्रजीत. तिथली टेक्निशियन काजल आमच्याकडे येऊन विचारायची, "काय आजी, फॉरेनवाल्याची चिठ्ठी आली का?" आई म्हणायची, "आली वं. आता दादा वाचते, अर्धं पोटात ठेवते." मी हसण्यावारी न्यायचो. पण मी खरंच अर्धं ठेवत होतो. नदी, बोट, पूर, तुझ्या गाडीचं पंक्चर, ख्मेर भाषेत चुकीचं बोलल्यावर बाजारातल्या बाया कशा हसल्या, सरोवरावर तरंगणारी घरं, हे सगळं वाचायचो. किती कुटुंबं सभेला आली, कोणी देव्हारा काढून टाकला, कोणासाठी प्रार्थना करा, ते गाळायचो. तिला त्रास नको म्हणून. तिचा बीपी वाढला की मशीन ओरडायची.

त्यामुळे तिला तुझा देश फार आवडला होता. "पाण्यात घर अन् पियाले पाणी बाटलीतलं, मजाच हाय," म्हणायची. एकदा तुझा लहान पोरांसोबतचा फोटो आला, त्यात मागे विहाराचं सोनेरी छप्पर होतं आणि एक भंतेजी भिक्षापात्र घेऊन चालले होते. तो फोटो बघून ती इतकी हसली की काजल धावत आली. "अरे, तिथं तर जिकडं तिकडं बुद्धच बुद्ध हाय! मंग हा काय सांगाले गेला गा तिथं?" तिनं तो फोटो मोठा करून मागितला. मी कंपनीतून रंगीत प्रिंट काढून आणली. ती तिनं खाटेच्या वर लावली आणि येणाऱ्याला सांगायची, माहा लहाना पोरगा बुद्धाच्या देशात हाय. तिथंच लावली आहे अजून. तू त्यात दात काढून हसतो आहेस. तेव्हापासून दर पत्राची प्रिंट तिला हवी असायची, फोटोंसाठी. आणि दर वेळी वाचून झालं की विचारायची, "झालं? पूर्ण वाचलं का?" मी म्हणायचो, हो. ती म्हणायची, "बरं."

आता साक्ष. फेब्रुवारीच्या शेवटच्या दिवशी, शनिवारी संध्याकाळी तू व्हिडिओ कॉल केलास. आई धंतोलीलाच भरती होती, तोंडावर ऑक्सिजनचा मास्क होता. फोन मी धरला होता. तू डोळे मिटून प्रार्थना सुरू केलीस, आधी मराठीत, मग इंग्रजीत. तुझे डोळे बंद होते, म्हणून तुला दिसलं नाही की ती सगळा वेळ डोळे उघडे ठेवून तुझ्याकडे बघत होती. मध्ये तिनं मला खुणेनं विचारलं, हा बारीक झाला का? मी मान हलवली. तिला दम लागत होता आणि तुझं संपत नव्हतं. मग तिनं सलाईनचा हात उचलून दुसऱ्या हाताला लावला. तेव्हाच तू डोळे उघडलेस. तिचे ओठ हलले. मास्कमधून आवाज आला नाही, पण मी तिच्या तोंडाजवळ होतो. जयभीम म्हणाली, पियुष. तिनं तुला फोन ठेवायच्या वेळचा जयभीम केला. सकाळी तसाच तिनं काजलला केला होता आणि झाडू मारणाऱ्या बाईलाही. आणि मग ती हात तसेच धरून थांबली. तू आमेन म्हणालास, रडलास आणि फोन ठेवलास. स्क्रीन काळी झाली तरी तिचे हात खाली येईनात. शेवटी मी म्हणालो, जयभीम आई. तेव्हा तिनं हात खाली घेतले. दुसऱ्या दिवशी पहाटे ती गेली.

हीच साक्ष आहे. पुढच्या पत्रात हे लिही. त्या चारशे दहा लोकांना सांग की माझी आई जशी जगली तशीच गेली, मी चुकीचं लिहिलं होतं, आणि माझा भाऊ साक्षीला आहे. तिथं तुझं काय होईल, तुला पाठवणारे लोक काय म्हणतील, मला घेणं नाही. तू तिला जिवंतपणी जयभीम दिला नाहीस. मेल्यावर तिच्याकडचाही काढून घेऊ नकोस. तू नाही लिहिलंस तर त्या यादीतल्या प्रत्येकाला मी लिहीन. तू सगळ्यांचे पत्ते वर उघडे ठेवून पाठवतोस, तेवढी तुझी हुशारी.

हे सगळं मी बसमध्ये वाचलं त्याच दिवशी लिहू शकलो असतो. दोन आठवडे रोज मनात लिहीतही होतो, याहून कडक. पण आज कपाट काढताना तिच्या वंदनेच्या पुस्तकाच्या कव्हरमधून एक घडी केलेला कागद निघाला आणि आता मला पुढचंही लिहावं लागतं आहे. तुझ्या ऑक्टोबरच्या पत्राची प्रिंट, दुसरं पान. वर बोटीचा फोटो. त्याखाली तू फक्त माझ्या प्रतीत मराठीत जोडलेल्या चार ओळी. दादा, हे आईला वाचून दाखव. आई, फोनवर विचारायची हिंमत होत नाही. मी जानेवारीत येऊ का? तू ये म्हणालीस तरच येईन. धंतोलीला मोबाईलवर वाचताना मी त्या ओळींपाशी आलो आणि थांबलो. मला वाटलं तू येशील, तिच्या खाटेजवळ गुडघे टेकशील, फोटो काढशील. हेही वाटलं की पाच वर्षं तिला उचलून बसवलं मी, आणि तू दारात आलास की ती माझ्याकडे बघणारही नाही. तिनं विचारलं, पूर्ण वाचलं का? मी म्हणालो, हो. आठवड्यानं तू मेसेज करून विचारलंस तेव्हा मी लिहिलं, आई काही बोलली नाही. ते खोटं नव्हतं. तिला सांगितलंच नव्हतं. पण मधल्या एका दिवशी मी पाळी सुटायच्या घाईत त्या पत्राची प्रिंट काढली, वरचं पान बघितलं आणि दोन्ही पानं तिच्या हातात दिली. तिला इंग्रजी येत नव्हतं. मराठी येत होतं. कागदाची घडी अशी घातली आहे की त्या चार ओळीच बाहेर राहाव्यात, आणि घडी झिजून फाटायला आली आहे. म्हणजे ऑक्टोबरपासून फेब्रुवारीपर्यंत, दर पत्राच्या शेवटी, तिला सगळं माहीत असताना ती मला पूर्ण वाचलं का म्हणून विचारत होती. तुला ती रविवारी फोनवर थेट ये म्हणू शकली असती. म्हणाली नाही, कारण मग मी काय केलं ते तुला कळलं असतं. मी स्वतः सांगेन म्हणून ती माझी वाट बघत राहिली. म्हणून हे पत्र लिहिलं. तू तिच्या बाबतीत जे केलंस त्याच्या आधी मी तुझ्या बाबतीत तेच केलं होतं, आणि मी ते सांगितल्याशिवाय तुला दुरुस्त कर म्हणणं मला जमेना. तुला माफ केलं असं यातून काढू नकोस. ये किंवा येऊ नको असंही मी लिहिणार नाही. ते तिचं उत्तर होतं आणि ते मी अडवलं. तो कागद या पाकिटात घातला आहे. तो तुझा आहे.

कूलर मघापासून खरखर करतो आहे, पाणी संपलं असेल. खोलीत कोणी नसतं तरी रोज मी तो भरतो, सवय गेलेली नाही. दोन बादल्या लागतात. उठतो आणि भरतो.

जयभीम.

रागासकट तुझाच,
दादा