पाठ टेकून आले

अण्णा, काल मी माझी शेवटची कुस्ती हरले, तीही ठरवून. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी हे लिहिताना मान आपोआप खाली गेली. पण सगळं ऐकून घ्या. इथे न्यूझीलंडमध्ये आमच्या शोच्या कुस्तीत रीतच आहे, की रिंग कायमची सोडणाऱ्यानं जाताना एखाद्या नव्या पैलवानाला जिंकवून जायचं.

तुम्हाला ही कुस्ती कधीच पटली नाही. हिल्सबरोला आमच्याकडे राहायला आलात, तेव्हा स्वयंपाकघरात चहा गाळता गाळता मी धीर करून सांगितलं, की आठवडाभर कंपनीत कोड लिहिते आणि शनिवारी कुस्ती खेळते, निकाल आधी ठरलेला असतो. तुम्ही कप खाली ठेवलात. "म्हंजे नूरा कुस्ती! आमच्या तालमीत असल्याला दारात उभं करत न्हाईत." तरी शनिवारी कोट घालून पहिल्या रांगेत हजर. ठरल्याप्रमाणे मी चीत होते, पंच तीन मोजतो, आणि तुम्ही थेट दोरांपाशी! "एकच खांदा टेकलाय! कुस्ती चालू ठेवा!" पंच बिचारा "स्वीट ॲज, अंकल", म्हणजे सगळं ठीक आहे, असं म्हणत तुम्हाला थोपवतोय आणि तुम्ही त्याच्यासमोर शड्डू ठोकताय. लोकांना वाटलं, हाही खेळाचाच भाग. त्यांनी हॉल डोक्यावर घेतला. मला लाज वाटायला हवी होती, पण मी पडल्या पडल्या हसत होते.

घरी आल्यावर तुम्ही तेल कोमट करून माझ्या खांद्याला लावलंत. काळानिळा पडलेला दंड बघून तुमचा हात थांबला. "ह्ये तर खरं हाय की," एवढंच म्हणालात. मग जाता जाता, "फुडल्या वेळी जिंक." लेक म्हणून तुमच्या तोंडून एकदा 'पैलवान' ऐकायचं होतं मला, बाकी काही नको होतं. तुम्ही सांगलीला परतलात आणि त्याच वर्षी गेलात.

काल पोरिरुआचा हॉल खचाखच भरला होता. समोर माझीच शिष्या. एरवी डेअरीच्या, म्हणजे इथल्या कोपऱ्यावरच्या किराणा दुकानाच्या, गल्ल्यावर उभी असते, कुस्ती मीच शिकवली. आत तयार होताना रडवेली झाली. "कोच, आय कान्ट डू धिस टू यू." मी दटावलं, हलक्या हातानं पाडलंस तर याद राख. वस्तादानं एक डाव राखून ठेवावा म्हणतात, मी तिच्यापासून एकही राखला नाही. तिनं मला असं उचलून आपटलं, की अख्खा हॉल उभा राहिला. छताकडे बघत पडलेली मी अभिमानानं नुसती फुगले होते. इतक्या कुस्त्या जिंकले, पण असं कधी वाटलं नव्हतं. पैलवान होते मी, अण्णा. अस्सल.

हे पत्र कुठे जायचं नाही, म्हणून सांगते. तुम्ही असता, तर कालच्या कुस्तीला मी तुम्हाला बोलावलं नसतं. आणि फोन करून विचारलं असतंत, तर जिंकले म्हणून सांगितलं असतं.