ताटे घासण्यास माणूस पाठविणेबाबत

प्रति,
मा. अधीक्षक,
मध्यवर्ती कारागृह.

विषय : शनिवारच्या बैठकीचा खुलासा, आणि ताटे घासण्यास माणूस मिळणेबाबत.
संदर्भ : आपले 'कारणे दाखवा' ज्ञापन, जे अर्जदाराला हात पिठाचे असताना देण्यात आले.

महोदय,

१. उपरोक्त विषयास अनुसरून अर्जदार, म्हणजे या कारागृहाची मुख्य स्वयंपाकीण, सादर करते की, तिने बंदींना शनिवारी संध्याकाळी अंगणात बसवून सरकारविषयी बरे-वाईट बोलू दिले, असा आपला ठपका आहे. ठपका खरा आहे. सगळ्यांची पाळी यावी म्हणून तिने जेवणही मुद्दाम उशिरा वाढले.

२. ही रीत अर्जदाराने काढलेली नाही. परक्यांचे राज्य होते तेव्हा आजचे निम्मे मंत्री याच अंगणात बंदी होते आणि अर्जदाराच्या हातचे जेवत होते. आपल्या या पहिल्या सरकारचे प्रमुख, ज्यांना तेव्हा सगळे 'थोरले' म्हणत, त्यांनीच ती पाडली. दर शनिवारी ते सर्वांत खालच्या पायरीवर बसत. प्रत्येकाने त्यांचे एक बरे सांगायचे आणि एक उणे सांगायचे. सगळ्यांची ताटे स्वतः घासून होईपर्यंत थोरल्यांनी उत्तर द्यायचे नाही. एकदा कोणी तोंडावर सांगितले की, तुम्ही दुसऱ्याला बोलूच देत नाही. थोरले लालबुंद झाले, सगळा राग राखेवर काढला, ताटे लख्ख निघाली, पण तोंडातून शब्द निघाला नाही. आपण त्या वेळी धाकटे तुरुंगाधिकारी होतात आणि सज्ज्यातून हे सारे पाहत होतात. तेव्हा निदान आपण तरी 'हा काय प्रकार आहे' असे विचारू नये.

३. अर्जदाराचा धाकटा भाऊ नळकारागीर आहे. ही रीत त्याला अर्जदारानेच घरी जेवताना सांगितली होती. ती त्याला इतकी आवडली की, थोरले सरकारात गेल्यावरही ती चालूच असणार असे तो धरून चालला. सरकारच्या वर्धापनदिनाच्या सभेत थोरल्यांनी भाषण संपवून "कुणाला काही म्हणायचं आहे का?" असे विचारले. मोठी माणसे हे निघण्यापूर्वी विचारतात, उत्तरासाठी नव्हे, हे त्या भोळ्याला कोणी सांगावे? तो उभा राहिला. आधी बरे सांगितले. गल्लीत नळ आले, ते त्याने स्वतः जोडले, आणि दवाखान्यात आता ओळख लागत नाही. मग उणे सांगितले. चौकशीविना डांबून ठेवण्याचा परक्यांचा कायदा तुम्ही अजून मोडीत काढलेला नाही. एवढे बोलून त्याने पिशवीतून घरचे ताट काढले आणि रीतीप्रमाणे मंचाकडे धरले. त्याला जागच्या जागी उचलले, तेही त्याच कायद्याखाली. आता तो इथे आहे, आणि अर्जदार त्याला जाळीआडून वाढते.

४. पंचनाम्यात त्या ताटाचे वर्णन 'धातूची गोल, धारदार वस्तू' असे आहे. अर्जदाराने उभ्या जन्मात ताटाने कांदा चिरलेला नाही. 'वस्तूचे तोंड मंचाकडे होते' असेही लिहिले आहे. ताटाला तोंड कोणत्या बाजूला असते, हे पोलीस खात्याकडून कळावे.

५. अर्जदार उपमंत्रिमहोदयांना भेटली. पूर्वी हे गृहस्थ कालवण दोनदा मागून घेत. ते समजुतीने म्हणाले, "बाई, कायदा वाईटांच्या हातात वाईट. आता तो आपल्या माणसांच्या हातात आहे." कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ म्हणतात तो असाच असतो, असे अर्जदाराने तिथल्या तिथे सांगितले. तिला बाहेरचा रस्ता दाखवण्यात आला.

६. खाल्ल्या घरचे वासे मोजणाऱ्यांपैकी अर्जदार नाही. हे सरकार चोर नाही, आळशीही नाही. थोरले अजून कोपरावर ठिगळ लावलेला कोट घालतात. अर्जदाराची नात शाळेत जाते आणि हे ज्ञापन तिनेच अर्जदाराला वाचून दाखवले. पण आपण चांगले आहोत याची या सरकारला फार खात्री आहे, आणि तिथेच घोडे पेंड खाते. ज्याला स्वतःच्या चांगुलपणाची एवढी खात्री झाली, तो ऐकणार कशाला?

७. सबब विनंती की, भावाला सोडावे, नाहीतर उघड चौकशीपुढे उभे करावे. तोवर अर्जदार दोन्ही वेळचा स्वयंपाक करील, कारण बंदींनी कोणाचे काय बिघडवले आहे? मात्र ताटे घासणार नाही आणि कोणाला घासू देणार नाही. बंदी राजी आहेत. ढीग त्याच खालच्या पायरीवर लागला आहे. वास सज्ज्यापर्यंत येत असेल तर नाइलाज आहे. नोकरीवरून काढायचे असेल तर खुशाल काढावे, पण भाऊ आत असेतो अर्जदार फाटकापासून हलणार नाही.

८. घासायला माणूस पाठवावा. कोणाला, ते आपण जाणता. राख चाळून ठेवली आहे. ताटे घासून झाली की त्यांनी हवे ते उत्तर द्यावे. आम्ही भावंडे मधे बोलणार नाही.

आपली,
जमेल तितकी नम्र,
मुख्य स्वयंपाकीण
(सही ओल्या हाताची आहे, ग्राह्य धरावी)

दिनांक : येता शनिवार उजाडण्यापूर्वी

सोबत : भावाचे आजचे ताट, न घासलेले. धार तपासून थोरल्यांकडे पाठवावे.