१०१ ची किल्ली

१२ जून, गुरुवार
नगर, कोर्ट. वकीलबाईंनी कागदावर तीन चौकोन काढले. पोर राहणार कुठं, तो प्रत्यक्ष ताबा. शाळा-दवाखाना ठरवणार कोण, तो कायदेशीर. तिसरा नुसता भेटीचा हक्क. बायकोचं, म्हणजे कविताचं म्हणणं: लेक तनू इथंच नगरात, सावेडीला तिच्याकडं, निर्णय दोघांचे, शनि-रवि माझ्याकडं. मी अडून. पंधरा दिवस तिकडं, पंधरा शिर्डीत माझ्या लॉजवर.
वकीलबाई: "आणि शाळा? शिर्डीहून रोज नगरला?"
गाडी आहे, म्हटलं. बोलून गेलो खरा.
बाहेर बाकावर मेव्हणा फोनवर: "लॉजवर वाढणार का पोरगी?" माझे कान तिखट, त्याला ठाऊक. मुद्दामच.

१४ जून, शनिवार
तनू आली. नऊ वर्षांची, पण उंची आईची घेणार. फुलांच्या टोपलीपासून अठरा खोल्यांपर्यंत आलो, लेकीला त्यातली सगळ्यात चांगली. १०१. नवा टॉवेल, छोटा साबण, चादर स्वतः ताणली. झाडलोटीच्या सखुबाई बघत होत्या. "मालक, लेक हाय का गिऱ्हाईक?"
हसण्यावारी नेलं.

१५ जून, रविवार
पाचला मेव्हणा न्यायला आला. तनूनं चादरीची घडी घातलेली, साबणाचा कागदसुद्धा कचऱ्याच्या डब्यात.
"पप्पा, किल्ली काउंटरवर द्यायची ना?"
घेतली. काय करणार.

१७ जून, मंगळवार
वकीलबाईंचा फोन. पुढच्या मंगळवारी तारीख. कविताच्या कागदावर सही, नाहीतर लढा. लढलो तर जज तनूला आत बोलावून विचारतील. काय सांगेल? पप्पांची रूम छान आहे?
सही केली तर मात्र शनि-रविचा बाप. पंधरा-पंधरा मिळवले तर पोर कायम बॅग भरूनच...
सखुबाई: "तुमी ऱ्हाता काउंटरमागं. लेकीला वर कशाला ठिवता?"

२१ जून, शनिवार
१०१ नांदेडच्या भाविकांना दिली. काउंटरमागच्या माझ्या खोलीत दुसरी खाट. जुनी रजिस्टरं बाहेर. सॅक अडकवायला भिंतीत खिळा ठोकला, तिच्या हाताला येईल असा.
तनू दारात. "इथं?"
"इथं."
खाटेवर बसली, सगळं न्याहाळलं. "तुम्ही अजून घोरता?"
"लई."
हसली थोडी.
सहीचा कागद खणात तसाच. दोनदा काढला, दोनदा ठेवला. लिहितोय तोवर बघतोय, खिळा रिकामाच. सॅक अजून तिच्या मांडीवर.